कुझ्नेत्सोव म्हणजे कोणाचा?

टेनिस बघणाऱ्यांना स्वेतलाना कुझ्नेत्सोवा आठवत असेल, २००४ ला यूएस ओपन आणि २००९ ला फ्रेंच ओपन जिंकलेली. युद्धनौकांचं वेड असणाऱ्यांना रशियाची ती एकुलती एक विमानवाहू नौका माहीत असते, अॅडमिरल कुझ्नेत्सोव. आणि ज्यांनी अर्थशास्त्र केलंय त्यांनी सायमन कुझनेट्स हे नाव परीक्षेसाठी पाठ केलेलं असतं, देशाचं राष्ट्रीय उत्पन्न कसं मोजायचं याची घडी बसवणारा, १९७१ चं नोबेल मिळालेला. आता एक खेळाडू, एक जहाज आणि एक प्रोफेसर, यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण तिघांच्या आडनावाच्या तळाशी जाऊन बघितलं तर एकच माणूस सापडतो. गावाच्या कडेला भट्टी लावून बसलेला लोहार.

रशियनमध्ये लोहाराला 'कुझ्नेत्स' म्हणतात. त्याला 'ओव' लागला की झालं कुझ्नेत्सोव. आता हा 'ओव' काय आहे ते आधी नीट बघू, कारण हे एकदा कळलं की अर्धी रशियन आडनावं आपोआप उलगडतात आणि मला स्वतःला रशियन शिकताना हे कळलं त्या दिवशी एवढा आनंद झाला होता की दिसेल त्या नावाची फोड करत बसले होते.

हा 'ओव' म्हणजे सरळसरळ आपला 'चा'. कुझ्नेत्स म्हणजे लोहार, कुझ्नेत्सोव म्हणजे लोहाराचा. बस. आणि म्हणूनच बाईचं आडनाव बदलतं, कुझ्नेत्सोवा म्हणजे लोहाराची. सगळं कुटुंब मिळून असेल तर कुझ्नेत्सोवी, म्हणजे लोहाराचे. इंग्रजीतून हे समजून घ्यायला गेलं तर फार अवघड वाटतं, बायकोचं आणि नवऱ्याचं आडनाव वेगळं कसं, मुलीच्या आडनावाला काना कुठून आला, असले प्रश्न पडतात. मराठी माणसाला पडायचं कारणच नाही कारण आपण रोज हेच करतो, पाटलाचा मुलगा, पाटलाची मुलगी, पाटलाचे लोक. फरक एवढाच की आपल्याकडे हा 'चा' बोलण्यात राहिला आणि त्यांच्याकडे तो कागदावर चढून आडनाव होऊन बसला.

गावात अनोळखी पोरगं दिसलं की म्हातारी माणसं विचारतात ना, "कुणाचा रे तू?" रशियन खेड्यातही अगदी हाच प्रश्न विचारायचे, "त्यी चेय?" म्हणजे "तू कोणाचा?" आणि पोरगं उत्तर द्यायचं, "कुझ्नेत्सोव." लोहाराचा. म्हणजे हे आडनाव ज्याला मिळालं तो स्वतः लोहार असेलच असं नाही, तो लोहाराचा मुलगा, किंवा नातू, किंवा लोहाराच्या घरातला. लोहाराला स्वतःला लोक कुझ्नेत्सच म्हणत होते, त्याला 'ओव' लावायची गरजच नव्हती. ही गोष्ट लोक पटकन विसरतात आणि 'कुझ्नेत्सोव म्हणजे लोहार' असं लिहून मोकळे होतात.

मग सगळ्यांनाच 'ओव' का नाही लागत? पुश्किन आहे, गागारिन आहे, तिथे 'इन' आहे. तर हे शब्दाच्या शेवटावर ठरतं, आपण लोहार चं लोहाराचा करतो आणि शिंपी चं शिंप्याचा करतो तसं. शब्द व्यंजनाने संपला तर 'ओव', ते व्यंजन मृदू असेल तर 'येव' किंवा 'योव', आणि शब्द 'आ' ने संपला तर 'इन'. इवान चं इवानोव, निकिता चं निकितीन. काही स्त्रीलिंगी शब्द मृदू व्यंजनाने संपतात, त्यांनाही 'इन' लागतो. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण लोहारकामाच्या जवळचंच आहे. पोलादाला रशियनमध्ये 'स्ताल' म्हणतात, शब्द स्त्रीलिंगी, म्हणून त्यापासून झालं स्तालिन. आणि घणाला म्हणतात 'मोलोत', पुल्लिंगी, म्हणून मोलोतोव, स्तालिनचा परराष्ट्रमंत्री. ही दोन्ही जन्माची आडनावं नाहीत, क्रांतीच्या काळात घेतलेली टोपणनावं आहेत, स्तालिनचं खरं आडनाव जुगाश्विली आणि मोलोतोवचं स्क्र्याबिन. पण टोपणनाव घेतानासुद्धा त्यांनी साचा तोच वापरला, कारण त्याशिवाय ते रशियन आडनावासारखं वाटलंच नसतं.

एक छोटी गंमत याच शब्दातली. रशियनमध्ये 'एत्स' ने संपणाऱ्या शब्दातला 'ए' विभक्ती लागली की बहुतेक वेळा गळतो. व्यापाऱ्याला 'कुपेत्स' म्हणतात, त्याचं आडनाव होतं कुप्त्सोव, 'ए' गेला. तसं कुझ्नेत्स चं व्हायला हवं होतं कुझ्न्त्सोव, पण हे म्हणून बघा, जीभ अडकते. झ, न, त, स सगळे एकत्र आले. म्हणून इथे 'ए' टिकला. भाषेचे नियम शेवटी जिभेला विचारूनच चालतात.

आणि हे 'ओव' वालं आडनाव व्याकरणात अजूनही विशेषणासारखं वागतं, हे फार सुंदर आहे. रशियनमध्ये 'च्याबरोबर' म्हणताना नामाला एक प्रत्यय लागतो आणि विशेषणाला वेगळा. आता चॅप्लिन हे आडनाव इंग्रजीत आहे आणि योगायोगाने रशियनमध्येही आहे. चार्ली चॅप्लिनबरोबर असं म्हणायचं असेल तर रशियन माणूस म्हणणार 'चाप्लिनोम', नामाचा प्रत्यय, कारण ते परकं नाव आहे. पण शेजारच्या रशियन चाप्लिनबरोबर म्हणायचं असेल तर 'चाप्लिनीम'. म्हणजे शाळेत गेलेल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यात अजूनही कुठेतरी हे आहे की आपलं आडनाव म्हणजे मुळात 'कोणाचा' या प्रश्नाचं उत्तर आहे.

आता हे आडनाव झालं कसं ते बघू. जुन्या रशियात सामान्य माणसाला आडनाव नव्हतं. सरकारी वहीत लिहायचे 'इवान, पेत्रोव सिन', म्हणजे इवान, पेत्रचा मुलगा. 'सिन' म्हणजे मुलगा. बापाच्या नावाला आज जो 'विच' लागतो ना, इवानोविच, पेत्रोविच, तो त्या काळी मानाचा होता, मोठ्या घराण्यांना आणि झारने खास परवानगी दिलेल्यांनाच. बाकी सगळे अमक्याचा मुलगा. पुढे बोलता बोलता 'सिन' गळला आणि 'पेत्रोव' उरलं. आणि नुसत्या बापाच्या नावाने ओळख पटत नसेल, कारण गावात इवान पन्नास आणि पेत्र चाळीस, तर पुढे धंदा जोडायचे. समजा बाप इवान, पेत्रचा मुलगा, धंद्याने कुझ्नेत्स. मग त्याचा मुलगा फ्योदोर लिहिला जाणार 'फ्योदोर, इवानोव सिन, कुझ्नेत्सोव'. इवानचा मुलगा, लोहाराचा. बघा, आजच्या रशियन नावाचे तीनही तुकडे इथे तयार आहेत, स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव. 

यावरून आपल्या महाराष्ट्राशी जोडलेलं एक नाव सांगायलाच हवं, अफानासी निकितीन. त्वेर गावचा व्यापारी, पंधराव्या शतकात, वास्को द गामा यायच्या बरीच वर्षं आधी, समुद्रमार्गे चौलला उतरला, तिथून जुन्नरला गेला, पावसाळ्यात तिथे अडकला, जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा जप्त केला आणि मोठ्या खटपटीने तो परत मिळाला, मग तो बीदरला गेला. हे सगळं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. आपण त्याला निकितीन म्हणतो, जणू ते त्याचं आडनाव आहे. पण तो स्वतःची ओळख 'निकिताचा मुलगा' अशीच देतो, जुन्या पद्धतीने. म्हणजे चौलच्या बंदरात उतरलेल्या त्या माणसाला आजच्या अर्थाने आडनाव नव्हतं, त्याने फक्त बापाचं नाव सांगितलं होतं, आणि आपण पाचशे वर्षांनी ते आडनाव समजून वाचतोय. 

आडनाव रशियात वरून खाली आलं. आधी सरदार-जमीनदार, मग मोठे व्यापारी, मग पाद्री, आणि शेतकरी सगळ्यात शेवटी. वेठीवर बांधलेल्या कुळांना जमीनदाराच्या लेखी आडनावाची गरज नव्हती. गावात एकमेकांना ओळखायला 'गल्लीतलं नाव' असायचं, म्हणजे लोकांनी पाडलेलं, आणि ते पिढीगणिक बदलूही शकायचं, एकाच आजोबाच्या दोन नातवांची दोन वेगळी नावं. १८६१ ला ही वेठ संपली आणि लाखो माणसं एकदम सरकारच्या कागदावर आली. १८८८ ला तिथल्या सेनेटने, म्हणजे झारच्या काळातल्या सर्वोच्च न्यायसंस्थेने, स्पष्ट सांगितलं की आडनाव लावणं हा नुसता हक्क नाही, ते कर्तव्य आहे. १८९७ ला साम्राज्याची पहिली जनगणना झाली. आणि पूर्ण घट्ट झालं ते सोव्हिएत काळात, १९३२ ला देशांतर्गत पासपोर्ट आले तेव्हा. म्हणजे आपल्याला वाटतं हे सगळे कुझ्नेत्सोव फार पुरातन घराण्यांतले असतील, पण खूप जणांच्या घरात हे आडनाव कायमचं व्हायला फार तर दीड-दोनशे वर्षं झालीयत. 'आमचं मूळ पुरुष कोण' असं विचारलं तर एक उत्तर नाहीच, हजारो गावांत हजारो लोहार होते आणि प्रत्येकाच्या घरातून स्वतंत्रपणे हेच आडनाव निघालं. दोन कुझ्नेत्सोव भेटले तर ते नातेवाईक असतील अशी अपेक्षाच कोणी करत नाही.

इथे आपल्या वाचकाने एक गोष्ट सांभाळायला हवी, आपण लोहार म्हटलं की जात आठवते, बलुतं आठवतं. रशियात तसं नव्हतं. लोहारकी बापाकडून मुलाकडे जायची हे खरं पण तो जन्माने ठरलेला बंद गट नव्हता, लोहाराचा मुलगा शेती करू शकायचा आणि शेतकऱ्याचा मुलगा भट्टीवर शिकायला जायचा. त्यामुळे कुझ्नेत्सोव या आडनावावरून आज कुणाच्या सामाजिक स्थानाबद्दल काहीही कळत नाही.

मग प्रश्न असा येतो की हे एवढं पसरलं कसं. रशियातल्या आडनावांच्या बहुतेक याद्यांमध्ये इवानोव आणि स्मिर्नोव यांच्या जोडीला कुझ्नेत्सोव अगदी वरच्या काही नावांत असतोच असतो. उलट वाटतं ना, गावात शेतकरी शंभर आणि लोहार एक, मग शेतकऱ्याचं आडनाव पहिलं का नाही? उत्तर त्यातच आहे. आडनाव ओळख पटवायला असतं. जिथे सगळेच शेतकरी तिथे 'शेतकऱ्याचा' म्हणून काय कळणार? लोहार मात्र गावात एक, फार तर दोन, आणि सगळ्यांना माहीत, कारण नांगराचा फाळ, घोड्याचा नाल, दाराची बिजागरी, कुऱ्हाड, सगळं त्याच्याकडूनच. 'लोहाराचा' म्हटलं की पत्ता लागला. एका गावात एक, पण असं प्रत्येक गावात, म्हणून बेरीज एवढी मोठी.

आणि तो नुसता कारागीर नव्हता. आगीच्या भीतीने त्याची भट्टी वस्तीपासून लांब, बऱ्याचदा पाण्याकाठी असायची. रात्री ठिणग्या उडतायत, दगडातून निघालेलं लोखंड लाल होऊन मऊ पडतंय, लोकांना वाटायचं याला काहीतरी विद्या येते. स्लाव्ह लोकांच्या, म्हणजे रशियन, युक्रेनियन, पोलिश वगैरे एकाच भाषाकुळातल्या लोकांच्या समजुतीत लोहार आजार बरे करतो, सैतानाशी टक्कर घेतो, आणि लग्नंसुद्धा 'जुळवून घडवतो'. नाताळानंतरच्या दिवसांत मुली भविष्य बघायच्या तेव्हाच्या गाण्यांमध्ये लोहाराला विनवणी असायची की मला लग्नाचा मुकुट घडवून दे, अंगठी घडवून दे.

याच्यातच संत कुझ्मा आणि देम्यान यांची गोष्ट येते आणि ती मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त आवडते. हे दोघं ख्रिस्ती परंपरेतले वैद्य, पैसे न घेता उपचार करणारे, मूळ ग्रीक नावं कोस्मास आणि दामियानोस. यांचा लोखंडाशी काही संबंध नाही. पण रशियन जिभेवर कोस्मास चा झाला कुझ्मा, आणि कुझ्मा म्हटलं की कानाला ऐकू येतो कुझ्नेत्स. झालं, लोकांनी वैद्यांचे लोहार केले! लोहारांचे रक्षक संत म्हणून त्यांची पूजा व्हायला लागली, १४ नोव्हेंबरला, जुन्या पंचांगाप्रमाणे १ नोव्हेंबरला, त्यांचा सण. युक्रेनमध्ये तर अशी दंतकथा आहे की या लोहार संतांनी एका भयंकर नागाची जीभ तापलेल्या सांडशीने पकडली, त्याला नांगराला जुंपलं आणि जमीन नांगरत नेलं, तहानेने नाग एवढं पाणी प्यायला की फुटला. कीव्हच्या दक्षिणेला मातीचे लांबच लांब प्राचीन बांध आहेत, त्यांना आजही नागाचे बांध म्हणतात, त्या नांगरटीचीच ती वरंब्याची माती असं लोक सांगायचे. 

म्हणून एक सावधगिरी. कुझ्मिन, कुझिन, कुझ्मिचोव, कुझ्मेन्को ही आडनावं कुझ्नेत्सोवची भावंडं वाटतात पण नाहीत. ती कुझ्मा या माणसाच्या नावावरून आली. मॉस्कोच्या लाल चौकात ज्याचा पुतळा आहे तो कुझ्मा मिनिन, १६१२ ला लोकांचं सैन्य उभं करणारा, त्याचं हे पहिलं नाव. (आणि मिनिन म्हणजे मिनाचा, परत बापाचंच नाव, परत तोच 'इन'.) आवाज सारखा, मूळ वेगळं.

खऱ्या मुळाकडे गेलं तर कुझ्नेत्स चा उगम आहे 'कवात' या क्रियापदाच्या कुळात, अर्थ घणाने ठोकून घडवणे. याच कुळातले आणखी दोन शब्द रोजच्या रशियनमध्ये आहेत आणि त्यांचा अर्थ ऐकून आश्चर्य वाटतं. 'कोझ्नी' म्हणजे कारस्थानं आणि 'कवार्नी' म्हणजे कपटी. आपण कट शिजवतो, ते कट ठोकून घडवतात. दुसरीकडे 'कुझ्नेचिक' म्हणजे शब्दशः छोटा लोहार, पण तो आहे गवतातला नाकतोडा. त्यावरून कुझ्नेचिकोव असंही आडनाव आहे.

आता भावंडं. याच क्रियापदापासून लोहाराला दुसरा शब्द झाला, 'कोवाल'. युक्रेन, बेलारूस, पोलंड या सगळ्या पट्ट्यात आणि रशियाच्या दक्षिण-पश्चिम भागातही लोहार म्हणजे कोवाल. त्यामुळे तिथे 'लोहाराचा' चं रशियन पद्धतीचं आडनाव झालं कोवाल्योव. अर्थ तंतोतंत तोच, फक्त त्या गावात लोहाराला हाक कोणत्या शब्दाने मारायचे तेवढा फरक. म्हणजे एखाद्याचं आडनाव कुझ्नेत्सोव आहे की कोवाल्योव यावरून त्याचे पूर्वज साधारण कोणत्या बाजूचे असतील याचा अंदाज बांधता येतो, खात्री नाही देता येत कारण माणसं फिरली, पण अंदाज नक्की.

व्लादिमीर निकोनोव नावाचे भाषाशास्त्रज्ञ होते, त्यांनी जुन्या नोंदींमधून लाखो लोकांची आडनावं मोजली आणि त्यांना असं दिसलं की रशियाच्या युरोपीय भागाचे आडनावाप्रमाणे जणू चार प्रांत पडतात. वायव्येला इवानोव पहिला, वरच्या व्होल्गाकडे स्मिर्नोव, उत्तरेला पोपोव, आणि मॉस्कोच्या आग्नेयेला, व्होल्गाच्या भागात कुझ्नेत्सोव. त्यांनी याला नावंच दिली होती, इवानोविया, स्मिर्नोविया, पोपोविया, कुझ्नेत्सोविया, जणू देशच. 

युक्रेनियन भाषेने तर एका कोवालपासून अख्खं घर उभं केलंय. कोवाल म्हणजे लोहार स्वतः, तसंच आडनाव. कोवालेन्को म्हणजे लोहाराचं पोर. कोवाल्चुक म्हणजे लोहाराचा मुलगा किंवा हाताखाली शिकणारा. आणि कोवालिशिन हे मला फार बोलकं वाटतं. लोहाराची बायको ती 'कोवालिखा', आणि कोवालिशिन म्हणजे तिचा मुलगा, लोहारणीचा. रशियनमध्येही त्याचं जुळं आहे, 'कुझ्नेचिखा' वरून कुझ्नेचिखिन. नवरा गेला किंवा सैन्यात ओढून नेला, त्या काळी सैन्यातली नोकरी पंचवीस-पंचवीस वर्षांची असायची, आणि घर बाईने चालवलं तर गाव मुलांना आईच्या नावाने ओळखणार ना. अशी आईवरून पडलेली आडनावं थोडी आहेत, पण जिथे आहेत तिथे एका बाईने एकटीने ओढलेला संसार त्या दोन-तीन अक्षरांत शिल्लक आहे असं मला नेहमी वाटतं.

पोलंडमध्ये हेच कोवाल्स्की. तिथे हे एवढं कॉमन की फॉर्म भरायचा नमुना दाखवायचा असेल तर नाव लिहितात यान कोवाल्स्की. 'स्की' हा आपल्या 'कर' सारखा, मुळात गावावरून येणारा प्रत्यय, नंतर तो लोकांनी धंद्याच्या नावांनाही लावला कारण सरदार घराण्यांच्या नावात तो असायचा आणि ऐकायला भारदस्त वाटायचा. रशियन गणितज्ञ सोफिया कोवालेव्स्काया, स्टॉकहोमला प्रोफेसर झालेल्या, त्यांचं सासरचं आडनाव याच कुळातलं. पुढे दक्षिणेला जाल तसं सर्बिया-क्रोएशियात कोवाचेविच, बल्गेरियात कोवाचेव, स्लोव्हाकियात कोवाच. आणि हंगेरी! हंगेरियन भाषा स्लाव्ह कुळातली नाहीच, पण त्यांनी लोहाराचा शब्द शेजाऱ्यांकडून घेतला आणि आज कोवाच हे तिथलं सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी एक आहे. शब्द उसना, माणसं स्थानिक.

मग सायमन कुझनेट्सला 'ओव' का नाही? ते जन्मले १९०१ ला पिन्स्कमध्ये, आता हे बेलारूसमध्ये आहे, ज्यू घराण्यात. रशियन साम्राज्यातल्या ज्यू लोकांना १८०४ च्या कायद्याने आडनाव घेणं भाग पडलं. त्यात बऱ्याच जणांनी धंद्याचा शब्द जसाच्या तसा घेतला, त्याला 'चा' लावला नाही. त्या पश्चिमेकडच्या पट्ट्यात तशी रीतच होती, कोवाल हे आडनावही तसंच चालतं. तर कुझनेट्स म्हणजे नुसताच लोहार. 

उत्तरेकडे आणि सायबेरियात आणखी एक तऱ्हा, 'कुझ्नेत्स्कीख'. अर्थ साधारण 'लोहारांपैकी', म्हणजे एकट्या लोहाराचा नाही तर त्या सगळ्या घराचा. याला बाईसाठी काना लागत नाही, पुरुष-बाई दोघांनाही तेच. आणि कुझ्नेत्स्की म्हणजे बहुतेक वेळा जागेवरून. मॉस्कोत कुझ्नेत्स्की मोस्त नावाचा प्रसिद्ध रस्ता आहे, लोहारांचा पूल, तिथे तोफा ओतायचा सरकारी कारखाना होता आणि आजूबाजूला लोहारांची वस्ती, पूल नेग्लिन्नाया नदीवर. सायबेरियात तोम नदीवर १६१८ ला रशियनांनी कुझ्नेत्स्क नावाची गढी बांधली, ते नाव पडलं तिथल्या शोर लोकांवरून, लोखंड वितळवण्यात ते एवढे पटाईत की रशियन त्यांना 'लोहार तातार' म्हणायचे. त्याच भागात पुढे कोळसा निघाला, आज त्याला कुझ्बास म्हणतात.

घराण्याचं एक उदाहरण सांगते. रशियात जुनी चिनीमातीची भांडी जपणाऱ्या घरात 'कुझ्नेत्सोव्स्की' भांडी असतील तर ती अभिमानाने दाखवतात. मात्वेय कुझ्नेत्सोव, १८४६ ते १९११, यांना चिनीमातीचा राजा म्हणायचे, मॉस्कोजवळ, रिगामध्ये कारखाने, १८९२ ला त्यांनी गार्डनरचा जुना नामांकित कारखानाही विकत घेतला. आणि या घराण्याची सुरुवात सांगतात ती ग्झेल भागातल्या एका खेड्यातल्या लोहारापासून, ग्झेल म्हणजे मातीच्या भांड्यांचाच मुलूख, लोहारकी करता करता त्यांनी भांड्यांचा धंदा सुरू केला. आता शब्द बघा, कुझ्नेत्स लोहार, कुझ्नेत्सोव लोहाराचा, कुझ्नेत्सोव्स्की म्हणजे 'लोहाराच्या'वाल्यांचं. प्रत्ययावर प्रत्यय चढले आणि लोखंड ठोकणाऱ्याचं नाव नाजूक कपबशीच्या बुडाला शिक्का म्हणून बसलं.

शेवटी राहिलं स्पेलिंग, कारण खरा गोंधळ तिथे होतो. उच्चारात शेवटचा 'व' हा 'फ' सारखा ऐकू येतो, साधारण 'कुझ्नित्सोफ', म्हणून जुन्या काळी परदेशी गेलेल्यांनी शेवटी दोन एफ लावले, स्मिर्नोफ नावाच्या बाटलीवर आहेत तसे. बाईच्या आडनावात मात्र पुढे काना असल्यामुळे 'व' स्पष्ट राहतो, कुझ्नेत्सोवा. जर्मनीत हेच के-यू-एस ने सुरू होऊन ओ-डब्ल्यू ने संपतं. लॅटव्हियात तिथल्या व्याकरणाप्रमाणे पुरुषाला शेवटी 'स' जोडतात, कुझ्नेत्सोव्स, आणि लिथुआनियात होतं कुझ्नेत्सोवास. अमेरिकेत जन्मलेल्या मुलीला बऱ्याचदा बापाचंच कुझ्नेत्सोव लावून टाकतात, काना न देता, आणि रशियन आजीला ते कानाला खुपतं कारण तिच्यासाठी नातीला 'लोहाराचा' म्हटल्यासारखं आहे ते.

सोव्हिएत काळात आणि नंतरही काही वर्षं परदेशी जायच्या पासपोर्टवर नावं फ्रेंच पद्धतीने लिहायचे, 'उ' साठी ओ आणि यू अशी दोन अक्षरं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते बदलून इंग्रजी पद्धत आली. त्यामुळे एकाच घरात मोठा भाऊ आधी बाहेर पडलेला असेल तर त्याचं स्पेलिंग के-ओ-यू ने सुरू होतं आणि धाकट्याचं के-यू ने, आणि परदेशातल्या ऑफिसात आम्ही सख्खे भाऊ आहोत हे सांगताना त्यांना दोघांचे रशियन जन्मदाखले काढून ठेवावे लागतात, कारण त्या दोन कागदांवर मात्र आडनाव अक्षर न अक्षर सारखं असतं.